इंदूरच्या पाण्यावर संशोधन करायचंय? मग पहाटे पाचचा गजर लावा

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या विभागात दोन-तीन नवे चेहरे दिसतात. कुणाला नुकतीच सहायक प्राध्यापकाची नेमणूक मिळालेली असते, कुणी पीएच.डी.ला नाव नोंदवलेलं असतं, कुणी पुण्या-नागपुराहून आलेलं असतं आणि इंदूरची ओळख पोहे-जिलबीच्या पुढे सरकलेली नसते. सगळ्यांचा प्रश्न एकच: "मॅडम, पाण्यावर काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" आजवर प्रत्येकाला चहा पाजून तेच सांगत आले. आता एकदाच लिहून टाकते.

मी इथल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात पर्यावरण अभियांत्रिकी शिकवते. खाली जे लिहिलंय त्यातलं निम्मं पुस्तकात सापडेल. उरलेलं निम्मं मला रामबागेतल्या एका काकूंनी आणि पाण्याच्या लाइनचे वॉल्व्ह उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या एका वॉल्व्हमनने शिकवलं.

१. आधी प्रश्न, मग बाटली

"इंदूर शहरातील पेयजल गुणवत्तेचा अभ्यास" या नावाचे प्रबंध आमच्या ग्रंथालयात एकावर एक रचलेले आहेत. त्यातला एकही कुणी मागायला आल्याचं मला आठवत नाही. कारण तो कुणाच्याच प्रश्नाचं उत्तर नाही.

प्रश्न असा हवा की त्याच्या उत्तराची वाट पाहणारा माणूस तुम्हाला बोट दाखवून सांगता आला पाहिजे. उदाहरण देते. "एक दिवसाआड पुरवठा असलेल्या वस्तीत नळ आल्यावर पहिल्या दहा मिनिटांत उरलेला क्लोरीन किती असतो, आणि टाकीपासून किती लांब गेल्यावर तो लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमच्या खाली उतरतो?" याचं उत्तर टाकीवर क्लोरीनची मात्रा ठरवणाऱ्याला हवंय, वॉल्व्हचं वेळापत्रक लावणाऱ्याला हवंय, आणि कोणत्या गल्लीतली पाइपलाइन आधी बदलायची याची यादी करणाऱ्यालाही हवंय. म्हणजे तीन टेबलं झाली. तुमच्या प्रश्नाला एकही टेबल सापडत नसेल तर तो अजून आठवडाभर मुरू द्या.

सापळा: मार्गदर्शकाने सुचवलं म्हणून बत्तीस मापदंड मोजायला घेऊ नका. सहा मापदंड वर्षभर नीट मोजणं हे बत्तीस मापदंड एकदा मोजण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं, आणि कामाचंही.

२. पाणी येतं कुठून ते पायी फिरून बघा

इंदूर नदीकाठी वसलेलं असलं तरी पितं दुसऱ्याच नदीचं पाणी. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून नर्मदेचं पाणी शुद्ध करून, विंध्याचा घाट चढवून, सत्तरएक किलोमीटरवरून इथे आणलं जातं. १९७० मध्ये त्यासाठी मोठं आंदोलन झालं आणि १९७८ मध्ये पाणी शहरात पोचलं. जुन्या पिढीला तो दिवस अजून सणासारखा आठवतो. त्याआधीची भिस्त गंभीर नदीवर १९३९ मध्ये बांधलेल्या यशवंत सागरावर आणि बिलावलीसारख्या तलावांवर होती. यशवंत सागरातून आजही पाणी घेतात. शिवाय घरोघरी बोरिंग आणि उन्हाळ्यात टँकर आहेतच.

म्हणजे एकाच गल्लीत, कधी कधी एकाच घरात, तीन स्रोतांचं पाणी असतं. नळाचं पाणी खालच्या हौदात जातं, त्याच हौदात बोरिंगही सोडलेलं असतं, आणि पंप ते मिश्रण गच्चीवरच्या टाकीत चढवतो. स्वयंपाकघरातल्या नळाखाली बाटली धरून "नर्मदेचा नमुना" असं लिहिणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. हे पाणी कुठलं, हे विचारल्याशिवाय बाटलीचं झाकणसुद्धा उघडू नका.

बोरिंगचं पाणी ओळखायला सोपं. आपण दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसलोय, त्यामुळे ते बहुतेक वेळा जड लागतं, बादलीला पांढरा थर धरतो आणि विद्युतवाहकता नर्मदेच्या पाण्यापेक्षा बरीच जास्त येते. खिशातला छोटा मीटर दोन सेकंदांत संशय मिटवतो.

नद्यांचंही तसंच. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांखालून वाहणारी कान्ह (आमच्या लहानपणी सगळे खानच म्हणायचे) पुढे क्षिप्रेला मिळते, त्यामुळे इथलं सांडपाणी हा उज्जैनचाही प्रश्न आहे. २०२१ मध्ये इंदूरला देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर ठरवलं गेलं. पण तो शिक्का सांडपाणी कुठे जातं, त्यावर प्रक्रिया होते का, यासाठीचा आहे. पिण्याच्या पाण्याचा त्याच्याशी थेट संबंध नाही. ही गल्लत मी छापील शोधनिबंधातही वाचली आहे.

एक आगाऊ सल्ला: पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये होळकर दरबाराला दिलेला नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल मिळवून चाळा. हा माणूस गल्लीबोळ पायी फिरला आणि नद्या, नाले, बागा, प्लेग यांचा एकत्र विचार करून लिहिता झाला. तुमच्या शोधनिबंधात तो अहवाल कदाचित येणारही नाही. पण नकाशा हातात घेऊन चालायचं कसं, ते कळेल.

आणि वॉल्व्हमनशी ओळख करून घ्या. कोणता वॉल्व्ह किती वाजता उघडतो, कुठे दाब मरतो, कोणत्या चौकात ड्रेनेज आणि पाण्याची लाइन एकाच खड्ड्यातून जाते, हे त्याच्या डोक्यात असतं. आमच्या वॉल्व्हमनने पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "मैडम, नक्शे में जो लाइन है वो जमीन में नहीं है, और जो जमीन में है वो नक्शे में नहीं।" पुढच्या दोन वर्षांत त्याचं म्हणणं एकदाही खोटं ठरलं नाही.

३. कागदपत्रं

हे कंटाळवाणं आहे, पण कागद नसेल तर काम ऐन नमुन्याच्या सकाळी अडतं.

- विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, हिंदीत. इथला दफ्तरी कारभार हिंदीत चालतो. इंग्रजी पत्र "ऊपर भेजते हैं" या वाक्यासोबत महिनाभर गायब होतं.
- शुद्धीकरण केंद्र, पाण्याची टाकी किंवा सांडपाणी केंद्राच्या आवारात जायचं असेल तर तिथली लेखी परवानगी. त्यात तारखा, माणसांची नावं आणि वाहनाचा क्रमांकही लिहून घ्या.
- संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी. "आम्ही फक्त पाणी तपासतो" असं म्हणून ती टाळू नका. घरात कुणाला जुलाब झाले का, एवढं जरी विचारणार असाल तरी ती लागतेच.
- घरमालकाचं संमतीपत्र, हिंदीत आणि गरज असेल तिथे मराठीत. निकाल त्यांना कळवणार की नाही, हे त्यात स्पष्ट लिहा.
- नमुना हस्तांतराची नोंदपत्रिका: कुणी घेतला, किती वाजता, पेटीत कधी ठेवला, प्रयोगशाळेत कुणी घेतला.
- ओळखपत्र, गळ्यात अडकवलेलं. पहाटे दुसऱ्यांच्या नळाशी वाकलेल्या माणसाकडे लोक संशयानेच बघतात.

नैतिकता समितीबद्दल थोडं जास्त बोलते. २०२५ च्या डिसेंबरअखेर भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात ड्रेनेज मिसळलं आणि माणसं दगावली. तेव्हापासून जो तो त्याच वस्तीत प्रश्नावली घेऊन जायला निघतो. ज्या घरातलं माणूस गेलंय, त्या घराला तुमचा 'होय/नाही'चा फॉर्म नको असतो. आधी उपलब्ध नोंदी वाचा. नंतर खरंच गरज असेल तरच दार वाजवा.

४. सामान

- निर्जंतुक बाटल्या, सूक्ष्मजीव तपासणीसाठी, आत थोडंसं सोडियम थायोसल्फेट घातलेल्या.
- ३०० मिलिलिटरच्या बीओडी बाटल्या, काचेच्या बुचाच्या (नदीसाठी; बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू जो प्राणवायू खातात त्याचं माप).
- धातूंसाठी नायट्रिक आम्लाने धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या.
- पीएच, विद्युतवाहकता आणि विरघळलेला प्राणवायू मोजणारा मीटर, सोबत ४, ७ आणि १० पीएचची बफर द्रावणं. कॅलिब्रेशन त्याच सकाळी करा, आदल्या दिवशीचं चालत नाही.
- क्लोरीनसाठी डीपीडीच्या गोळ्या (क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं) आणि रंग जुळवायचा कंपॅरेटर. पिवळा रंग देणारं जुनं ऑर्थोटोलिडीन कपाटात सापडलं तरी वापरू नका. ते तब्येतीला घातक आहे आणि त्यावर भरवसाही ठेवता येत नाही.
- थर्माकोलची पेटी आणि गोठवलेले जेल पॅक. सुटा बर्फ वितळला की बाटल्या त्याच पाण्यात तरंगतात, आणि हे पाणी झाकणातून आत जाणार नाही याची हमी कोण देणार?
- स्पिरिट, कापूस, लायटर, हातमोजे, टॉर्च.
- कापडी टेप आणि पेन्सिल. मार्करची शाई ओल्या बाटलीवरून पुसली जाते. एकदा माझ्या अकरा बाटल्या निनावी झाल्या, तेव्हा हे शिकले.
- पुठ्ठ्याच्या बांधणीची वही. मोबाइलवर नोंदी ठेवल्या तरी वही हवीच.

झटपट चाळणीसाठी एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड) चाचणीची छोटी बाटली जवळ असू द्या. विष्ठेतले जिवाणू पाण्यात असले तर ती एक-दोन दिवसांत काळी पडते. ही चाचणी आपल्याच मुलखातली आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८२ मध्ये प्रसिद्ध केली आणि मग ती जगभर गेली. पुराव्यासाठी ती पुरत नाही, पण तीस घरांपैकी कोणत्या पाच घरांकडे नीट लक्ष द्यायचं, ते मात्र सांगते.

५. नमुना घेणं

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण माझं पहिलं वर्ष इथेच वाया गेलं.

पुस्तक सांगतं: नळाचं तोंड पुसा, स्पिरिटने निर्जंतुक करा, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, मग बाटली भरा. मी अक्षरशः तसंच केलं. रामबाग आणि पलीकडच्या वस्तीतली चाळीसेक घरं, महिन्यातून दोनदा. एकही नमुना खराब निघाला नाही. क्लोरीन ठीक, गढूळपणा ठीक, ई. कोलाय (विष्ठेतला जिवाणू) नाही. आणि त्याच घरांमधून वासाच्या तक्रारी येतच होत्या. मी मनातल्या मनात लोकांनाच दोष देत होते: टाक्या धूत नसतील, हात धूत नसतील.

एका पहाटे काकूंच्या अंगणात नळाची वाट बघत बसले होते. जुना वाडा, नळाच्या तोंडाला पांढऱ्या फडक्याची पुरचुंडी बांधलेली. सहाच्या सुमारास नळ फुसफुसला, नुसती हवा आली, मग खोकल्यासारखे दोन झटके आणि तांबूस पाणी. काकूंनी ताबडतोब बादली लावली. मी घड्याळ बघत उभी.

"बाटली नाही भरत?" त्यांनी विचारलं.

"तीन मिनिटं जाऊ द्यावी लागतात, काकू."

"अगं, तीन मिनिटांत माझ्या दोन बादल्या भरतात. एक दिवसाआड येतं पाणी, ते गटारात सोडू का? तू येतेस, चांगलं पाणी यायला लागलं की तुझी बाटली भरतेस नि जातेस. त्याच्या आधीचं आम्ही भरतो." आणि त्यांनी नळाचं फडकं सोडून माझ्यासमोर धरलं. आठवड्यापूर्वी बांधलेलं. मधोमध रुपयाएवढा तपकिरी, बुळबुळीत डाग.

दोन-तीन मिनिटं पाणी सोडून द्यायचा नियम ज्या शहरांत चोवीस तास दाबाखाली पाणी असतं, त्यांच्यासाठी बरोबर आहे. तिथे तो घरातल्या पाइपचा दोष वगळून मुख्य लाइनचं पाणी दाखवतो. आपल्याकडे दीड-दोन दिवस लाइन रिकामी पडलेली असते. दाब नसतो, त्यामुळे जिथे जिथे भेग आहे तिथून आजूबाजूचं पाणी आत झिरपतं, आणि शेजारी ड्रेनेजची गळती असेल तर तेही. वर कुणी नळाला थेट मोटर लावली की ती हे सगळं ओढून घेते. मग पुरवठा सुरू झाला की सगळी घाण पहिल्या काही मिनिटांत बाहेर पडते, म्हणजे नेमकी बादल्या भरायच्या वेळी. मी काटेकोरपणे, पुस्तकाबरहुकूम, तीच मिनिटं टाळत होते.

दुसऱ्या वर्षी एका नळावर तीन बाटल्या भरल्या: पाणी आल्याबरोबर, पाच मिनिटांनी आणि पंधरा मिनिटांनी. पहिल्या बाटल्यांपैकी काहींमध्ये डीपीडीची गोळी विरघळली तरी गुलाबी रंगाची छटासुद्धा उमटली नाही. पंधराव्या मिनिटाच्या बाटल्या बहुतेक ठिकाणी पुन्हा निर्दोष. काम तिथून खऱ्या अर्थाने सुरू झालं.

तर तुमच्यासाठी क्रम असा:

पाणी यायच्या अर्धा तास आधी पोचा. वहीत लिहा: शेवटचं पाणी कधी आलं होतं, नळाला मोटर आहे का, फडकं बांधलंय का, जवळच्या नाल्यापासून किती अंतर. पहिली बाटली लोक भरतात तशीच भरा, नळ न पुसता. ही तुमची "घरात शिरणाऱ्या पाण्याची" बाटली. नंतरच्या बाटल्या पुस्तकाप्रमाणे, निर्जंतुक करून. दोन्ही प्रकार वेगवेगळ्या नावांनी नोंदवा आणि शोधनिबंधात हे फरकासकट लिहा, नाहीतर परीक्षक पहिल्याच पानावर अडवेल.

क्लोरीन, पीएच आणि तापमान जागेवरच मोजा. क्लोरीन प्रयोगशाळेत नेऊन मोजणं म्हणजे वितळलेल्या बर्फाचं वजन करणं. बाटलीतलं थायोसल्फेट याच कारणासाठी असतं: ते उरलेला क्लोरीन मारतं. ते नसेल तर क्लोरीन वाटेत जिवाणू मारत राहतो आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत घाण पाणीही शुद्ध ठरतं. अर्थात थायोसल्फेटच्या बाटलीतून क्लोरीन मोजू नका. हसू नका, झालंय.

सूक्ष्मजीवांची बाटली काठोकाठ भरू नका, वर बोटभर जागा ठेवा म्हणजे ढवळता येते. याउलट बीओडी आणि प्राणवायूच्या बाटलीत हवेचा एक बुडबुडाही राहता कामा नये. नव्या मुलांकडून या दोन नियमांची हमखास अदलाबदल होते.

सूक्ष्मजीवांचे नमुने थंड पेटीत, शक्य तो सहा तासांत लावा. चोवीस तास उलटले तर तो नमुना फेका आणि वहीत तसं लिहा. धातूंच्या नमुन्यात तिथल्या तिथे नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणा.

बोरिंगला मात्र जुनाच नियम: विद्युतवाहकता आणि तापमान स्थिर होईपर्यंत पंप चालू द्या.

दर दहा नमुन्यांमागे एक जोडनमुना (त्याच नळावर लगोलग घेतलेला दुसरा) आणि दर फेरीला एक कोरा नमुना: शुद्ध केलेलं पाणी बाटलीत भरून, सगळीकडे फिरवून आणलेलं. कोऱ्या नमुन्यात काही सापडलं तर त्या फेरीचा सगळा डेटा संशयित. जीव दुखतो, पण फेकावा लागतो.

वर्षात निदान तीन हंगाम घ्या: उन्हाळ्याचा शेवट, पहिल्या पावसाचे पंधरा दिवस आणि हिवाळा. पहिला पाऊस चुकवलात तर वर्ष चुकलं.

६. प्रयोगशाळेतले आणि आकड्यांतले खड्डे

बीओडी किती दिवसांचा, ते आधी बघा. परदेशी पुस्तकांत २० अंशांवर पाच दिवस. आपल्याकडच्या मानक पद्धतीत २७ अंशांवर तीन दिवस. कान्हच्या आकड्याची तुलना कुठल्यातरी युरोपीय नदीशी करण्यापूर्वी हे तपासा.

नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर. ही मर्यादा नायट्रेट म्हणून मोजलेल्या आकड्याला लागू आहे. बऱ्याच प्रयोगशाळा "नायट्रोजनच्या रूपात" आकडा देतात. त्याला ४.४३ ने गुणल्याशिवाय तुलना करायची नसते. १२ हा आकडा बघून "मर्यादेच्या आत" म्हणणाऱ्याला प्रत्यक्षात ५३ मिळालेले असतात.

धन आणि ऋण आयनांचा ताळेबंद मांडा. दोहोंतला फरक पाच टक्क्यांच्या आत असेल तर छान, दहाच्या पुढे असेल तर कुठलातरी एक आकडा खोटा आहे. हा हिशेब एक्सेलमध्ये दहा मिनिटांचा आहे आणि तरी शंभरातले नव्वद लोक करत नाहीत. पैसे देऊन बाहेरून तपासणी करून घेणार असाल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता त्या विशिष्ट चाचणीला आहे का ते विचारा. दारावरच्या पाटीवर जाऊ नका.

जिवाणूंच्या आकड्यांची साधी सरासरी काढू नका. एक नमुना हजारोंत गेला की सरासरी त्याच्यामागे पळते. मध्यक द्या, किंवा भूमितीय सरासरी. आणि "२ पेक्षा कमी" म्हणजे शून्य नव्हे.

७. कायदा नेमकं काय म्हणतो

आयएस १०५०० : २०१२ हे पिण्याच्या पाण्याचं मानक. त्यात दोन रकाने आहेत: स्वीकारार्ह मर्यादा, आणि दुसरा स्रोत नसेल तर चालवून घ्यायची मर्यादा. एकूण विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० आणि २००० मिलिग्रॅम. काठिण्य, त्याच एककात, २०० आणि ६००. नायट्रेटला सूट नाही. ई. कोलाय १०० मिलिलिटरमध्ये सापडताच कामा नये. आपल्या सोयीने रकाना बदलणारे शोधनिबंध लगेच ओळखू येतात.

पण बैठकीत "कायद्याचा भंग झाला" असं ओरडू नका. नळाच्या पाण्याला हे मानक कायद्याने बंधनकारक केलेलं नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा हे नागरी संस्थांच्या कामांत आहे. १९७४ चा जल कायदा मुख्यतः प्रदूषण करणाऱ्याच्या मागे लागतो, आणि त्याची अंमलबजावणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ करतं. नदीसाठी केंद्रीय मंडळाचे अ ते ई वर्ग आहेत. आंघोळीच्या वर्गाला लिटरमागे बीओडी ३ मिलिग्रॅम किंवा कमी आणि प्राणवायू ५ मिलिग्रॅम किंवा जास्त लागतो. कोणत्या आकड्यासाठी कुणाकडे जायचं, हे यावरून ठरतं. नळासाठी मंडळाकडे आणि नदीसाठी महापालिकेच्या झोन कार्यालयात जाऊन दोन्हीकडून हात हलवत परत येणं हा नवशिक्यांचा ठरलेला प्रवास आहे.

जुने आकडे हवे असतील तर माहितीचा अधिकार आहेच: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. "पाण्याच्या गुणवत्तेची माहिती द्या" असं मागाल तर "माहिती व्यापक आहे" असं उत्तर येईल. वॉर्ड, टाकीचं नाव, महिना, मापदंड असं सुटं सुटं मागा. कलम २ मध्ये अभिलेखांच्या निरीक्षणाचाही हक्क आहे. कार्यालयात बसून रजिस्टर बघणं बरेचदा जास्त उपयोगी पडतं, कारण खाडाखोडही दिसते. ८५ वॉर्डांची माहिती एकाच अर्जात मागू नका. आणि मुख्यमंत्री हेल्पलाइन १८१ वरच्या घाण पाण्याच्या तक्रारी तारीखवार मिळाल्या तर त्या तुमच्या पहिल्या बाटल्यांच्या तारखांशेजारी ठेवून बघा.

८. पैसे

थोडक्यात. राज्याची विज्ञान आणि प्रौद्योगिकी परिषद, केंद्राचं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, संस्थेचा स्वतःचा लहान निधी. पहिल्यांदा लहानच मागा. खरेदी सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरून होते, रसायनं यायला वेळ लागतो आणि मुदत संपलेली येऊ शकतात, म्हणून पावसाळ्याची मागणी होळीच्या सुमारास नोंदवा. उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचं) केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-ए नमुन्यात लागतं. पावत्या पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये लावत जा. मार्चमध्ये लेखा विभागात रडत बसलेल्या प्राध्यापकांत मीही एकदा होते.

९. आकडे टेबलापर्यंत नेणं

माझा पहिला अहवाल एकशे चाळीस पानांचा होता, इंग्रजीत, स्पायरल बांधणीचा. ज्या कार्यालयात दिला तिथे तीन महिन्यांनी गेले तेव्हा तो एका खिडकीची फट बंद करायला लावलेला होता. राग आला, पण दोष माझाच होता. एकशे चाळीस पानं वाचायला त्या अभियंत्याला कोणता दिवस मोकळा होता?

आता मी दोन पानं नेते, हिंदीत. पहिल्या पानावर नकाशा: गल्ल्या लाल, पिवळ्या, हिरव्या. दुसऱ्या पानावर "क्या किया जा सकता है" असं शीर्षक आणि खाली तीन कामं, खर्चाच्या चढत्या क्रमाने. पहिलं नेहमी असं ठेवते की जे त्यांच्या अधिकारात, आहे त्या बजेटमध्ये, याच महिन्यात होईल: एखाद्या टाकीवरची क्लोरीनची वेळ बदलणं, एखादा वॉल्व्ह थोडा आधी उघडून पहिलं पाणी वॉशआउटमधून (लाइन धुवायच्या तोंडातून) काढून टाकणं. लाइन बदलणं तिसरं. उलटं केलंत तर सगळंच "प्रस्ताव भेजेंगे"मध्ये जातं.

जायच्या आधी ते पान क्षेत्रातल्या कनिष्ठ अभियंत्याला दाखवा. वरच्या साहेबांसमोर त्याला पहिल्यांदा कळलं की त्याच्या भागात लाल गल्ली आहे, तर तो जन्मभर तुमचा वैरी होतो. आधी कळलं तर तोच सांगतो, इथे दोन महिन्यांपूर्वी रस्त्याचं खोदकाम झालं होतं. ही माहिती तुमच्या कुठल्याच रकान्यात नसते.

गंभीर काही सापडलं, म्हणजे नळात ई. कोलाय आणि क्लोरीन शून्य, तर शोधनिबंध छापून येण्याची वाट बघायची नाही. त्याच दिवशी घराला सांगा, झोनला लेखी कळवा, पोच घ्या. संमतीपत्रातच हे लिहून ठेवलेलं असलं की मग मार्गदर्शक, विभागप्रमुख, कुणाचीच घासाघीस उरत नाही.

आणि प्रत्येक घराला निकाल नेऊन द्या. एक चिठ्ठी पुरे: तारीख, तीन बाटल्या, प्रत्येकीपुढे ठीक किंवा ठीक नाही, आणि काय करायचं ते एका ओळीत. आमच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: पहिली बादली पिण्यासाठी ठेवू नका, झाडांना, धुण्याला किंवा संडासात वापरा; पिण्याचं पाणी उकळा.

काकूंनी ती चिठ्ठी चष्मा लावून दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "पहिली बादली तुळशीला घालायची म्हणतेस? ती बिचारी काय म्हणेल?" पुढच्या फेरीला गेले तेव्हा नळाजवळ एक निळी बादली वेगळी ठेवलेली होती, तिच्यावर खडूने "धुण्याचं" असं लिहिलेलं, आणि नळाला धुतलेलं नवीन फडकं बांधलेलं. जुनं त्यांनी माझ्यासाठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं होतं, तपासायला.